नवा सेल टाकूनही स्मार्ट चावी सापडत नाही : २०३२ च्या जागी २०२५ चालतो का?

जुळे_सोलापूर विचारतात:

गाडी २०२० ची, पुश-बटण स्टार्ट, दोन चाव्या. रोजच्या वापरातली चावी महिनाभरापासून मंद झाली होती. पूर्वी पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून लॉक व्हायची, नंतर काचेशी नेऊन दाबावी लागायला लागली. मीटरवर अधूनमधून 'चावी सापडत नाही' असा मेसेज. नव्या पेठेत एका दुकानात सेल बदलून घेतला. आठ दिवस ठणठणीत, मग परत तेच रडगाणं. तळहातावर आपटली की एखाद-दोन वेळा चालते.

जुन्या सेलवर सीआर २०३२ होतं, दुकानदाराने घातलेला २०२५ आहे. 'दोन्ही तीन व्होल्टचेच, फरक पडत नाही' म्हणाला. मल्टिमीटरवर तो ३.०२ दाखवतो, म्हणजे सेल चांगला आहे ना? दुरुस्तीवाले म्हणतात चावीच गेली, नवी घेऊन कोडिंग (गाडीला नवी चावी ओळखायला शिकवणं) करा, आणि खर्च काही हजारांत सांगतात. सेल वारंवार काढला तर आहे ते कोडिंग उडतं का? आणि चावी रस्त्यात पूर्ण बंद पडली तर गाडी उघडायची कशी, चालू कशी करायची?

---

रिले_फ्यूज:

आपटल्यावर चालते म्हणालात, निम्मं उत्तर तिथंच आहे. संपलेला सेल आपटून जिवंत होत नाही. तुमचा सेल आत हलतोय.

नंबर असा वाचा. सी म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचं रसायन, आर म्हणजे गोल. पहिले दोन आकडे व्यास, मिलिमीटरमध्ये. शेवटचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. २०३२ म्हणजे २० मिमी रुंद, ३.२ मिमी जाड. २०२५ तेवढाच रुंद पण २.५ जाड, २०१६ फक्त १.६. तिन्ही तीन व्होल्टचे, म्हणजे दुकानदार व्होल्टचं खोटं बोलला नाही. पण ०.७ मिमीची जी फट राहिली तिचं काय? खालच्या स्प्रिंगच्या पात्या सेलला जेमतेम टेकतात. पहिले काही दिवस तेवढं पुरतं, मग पात्या बसतात आणि खिशात चावी हलली की संपर्क तुटतो.

यावर लोक कागदाची घडी घालतात, नाहीतर चॉकलेटची चांदी. कागद घामाने बसतो. चांदी सरकली तर सेलच्या दोन्ही बाजू जोडून टाकते आणि नवा सेल बघता बघता रिकामा. दोन्ही नकोत.

पोटातला मालही कमी असतो. २०३२ मध्ये साधारण २२० ते २३५ मिलिअँपिअर-तास, २०२५ मध्ये १५० ते १७०, २०१६ मध्ये नव्वदच्या आसपास. उलटंही करू नका: २०२५ च्या घरात २०३२ कोंबला तर पात्या कायमच्या वाकतात, झाकण नीट बसत नाही, आणि पुढं योग्य सेल घातला तरी तो सैल बसतो. हा बिघाड जास्त महागात पडतो.

आणि गाडीचं नाव सांगून सेल मागू नका. हल्लीच्या बऱ्याच स्मार्ट चाव्यांत २०३२ असतो हे खरं, पण त्याच गाडीचं वर्ष बदललं की चावी बदलते. नंबर झाकणाच्या आत किंवा बोर्डावर छापलेला असतो. तो वाचा, तोच घ्या.

कोडिंग उडत नाही. चावीची ओळख ज्या चिपमध्ये असते तिला ती टिकवायला वीज लागत नाही. सेल महिनाभर बाहेर ठेवलात तरी गाडी चावीला ओळखेल. एकच बारीक गोष्ट: चावी दर दाबाला नवा कोड पाठवते आणि गाडी पुढच्या ठरावीक कोडांपर्यंतच वाट बघते. जुन्या, बऱ्याच गाड्यांत वापरलेल्या कीलॉक पद्धतीत ही मर्यादा १६ कोडांची. पोरांनी घरात बसून पंचवीस वेळा बटण दाबलं असेल तर गाडी पहिल्या दाबाला गप्प राहते, लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलं की जुळते. त्यामुळे नवा सेल घातल्यावर पहिला दाब फुकट गेला म्हणून लगेच चावी गेली म्हणू नका.

---

लाल_लाल_तपकिरी:

३.०२ वर विसंबू नका. ते सेल मोकळा, म्हणजे त्याला काही न जोडलेलं असतानाचं माप आहे. कोरा २०३२ किंवा २०२५ मोकळा मोजला तर ३.२ ते ३.३ दाखवतो. म्हणजे तुमचा आठ दिवसांत उतरला तरी आहे किंवा दुकानात बरीच वर्षं पडून होता.

या सेलची खोड अशी की संपत आला तरी व्होल्ट फारसे पडत नाहीत, आतला अवरोध वाढतो. चावी गप्प असताना मायक्रोअँपिअरमध्ये पिते, तेवढ्याला मेलेला सेलही पुरतो. बटण दाबलं की ट्रान्समीटर एकदम दहा-पंधरा मिलिअँपिअर मागतो आणि तिथं सेल कोसळतो. रात्रभर विश्रांती मिळाली की थोडा सावरतो, म्हणून सकाळी चालते, दुपारी नाही. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात अवरोध आणखी वाढतो, त्यामुळे कमकुवत सेल पहिल्यांदा दगा देतो तो बहुधा थंडीतल्या पहाटे.

तपासायचं असेल तर लोड टाकून, म्हणजे सेलमधून वीज ओढत असताना तपासा. २२० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घ्या, पट्टे लाल-लाल-तपकिरी. सेलच्या दोन बाजूंना तो टेकवा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, दोन-तीन सेकंदांत वाचा आणि काढा. साधारण १३-१४ मिलिअँपिअर ओढले जातात, म्हणजे चावी ओढते तेवढेच. २.९ च्या आसपास टिकला तर सेल तंदुरुस्त. २.७ ला आला तर काही महिने. २.५ च्या खाली गेला तर टाका, मग मोकळा असताना तीन व्होल्ट का दाखवेना.

घेताना सुटा, डब्यात इतर सेलांवर घासत पडलेला नको. सुटे सेल एकमेकांना टेकून थोडेथोडे रिकामे होत राहतात. प्रत्येक सेल वेगळ्या फुगीत असलेली पट्टी घ्या, मागची तारीख बघा. पॅनासोनिक, मॅक्सेल, मुराता, एनर्जायझर, रेनाटा, यातलं जे खरं मिळेल ते चालेल. खऱ्याखोट्याची शंका आली तर वजन करा: २०३२ तीन ग्रॅमच्या आसपास भरतो. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला आणि सव्वादोन भरला तर आत माल कमी आहे.

'एलआयआर २०३२' नावाचा चार्ज होणारा सेल कुणी दिला तर घेऊ नका. आकार तोच, पण भरल्यावर ४.२ व्होल्टला जातो आणि क्षमता जेमतेम ४० च्या आसपास. तीन व्होल्टच्या चावीवर तो प्रयोग कशाला.

---

घड्याळी_पेठ:

वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण नुसता २०३२ आणून बसवलात तर महिन्याने परत इथंच याल. २०२५ ने आठ-दहा दिवस राहून पात्या कशा ठेवल्यात ते आधी बघा.

उघडताना: मागची किंवा बाजूची खिट्टी दाबून आतली लोखंडी चावी ओढून काढा. ती निघाली की त्या खाचेत किंवा शेजारी एक छोटी फट दिसते. तिच्यात जुनं सिमकार्डाचं प्लास्टिक किंवा चिकटपट्टी गुंडाळलेला चपटा पेचकस फक्त दोन-तीन मिलिमीटर घाला आणि पिळा. खोल घालून उचकटायचं नाही, आत रबराचा पडदा आणि बोर्ड लगेचच असतात. खाली टेबलावर टॉवेल अंथरा. उडालेलं रबर टाइल्सवर सापडत नाही.

सेल काढायच्या आधी फोनवर एक फोटो. कोणती बाजू वर होती हे सगळ्या चाव्यांत सारखं नसतं. सेलची रुंद, कडेसकट वळलेली आणि अक्षरं कोरलेली बाजू ती अधिक, आतली लहान गोल टोपी ती वजा. उलटा घातला तर बहुतेक चाव्यांत नुसतीच बंद राहते, पण प्रयोग नको.

सेल धातूच्या चिमट्याने काढू नका, कडेला आणि टोपीला एकदम लागला की शॉर्ट. लाकडी टूथपिक घ्या, घराला जिथं अर्धगोल खाच ठेवलेली असते तिथून उचला. क्लिपच्या बाजूने उचकलात तर क्लिप वाकते. बसवताना उलट: आधी कड क्लिपखाली सरकवा, मग दुसरी बाजू बोटाने दाबा, 'टक' झालं पाहिजे.

आता खरं काम. सेल काढल्यावर आत उजेड पाडून तिरकं बघा. मधल्या दोन-तीन पात्यांची टोकं सपाट बोर्डाला चिकटून झोपली असतील तर टूथपिकने प्रत्येक पाती अर्धा मिलिमीटर वर घ्या. एकदाच, हलक्या हाताने. पुन्हा पुन्हा वरखाली केलीत की मुळाशी तुटते. पातीवर हिरवट किंवा काळपट थर असेल (खिशातला घाम, दुसरं काय) तर आधी पेन्सिलच्या खोडरबराने घासा, चुरा फुंकून काढा, मग इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि दोन मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि चिकट थर राहतो. पेट्रोल आणि गंजावरचा फवारा तर नकोच, रबर फुगतं.

हल्ली काही सेलांवर लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. हेतू चांगला, पण तो लेप वीज वाहून नेत नाही. पाती नेमकी लेपाच्या वर्तुळावर टेकली तर कोरा सेल घालूनही चावी मेलेली. असा सेल असेल तर टोपीच्या कडेचा लेप अल्कोहोलने पुसा, नाहीतर बिनलेपाचा सेल घ्या.

झाकण लावताना रबराची कड खाचेत पूर्ण बसली का बघा, मग चारी बाजूंनी दाबा. फट राहिली तर पहिल्या पावसात पाणी, आणि उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ.

---

शेंगा_चटणी:

@जुळे_सोलापूर, मालक, 'चावीच गेली' हे एका मिनिटात तपासता येतं. सेल पूर्ण काढून टाका आणि रिकामी चावी घेऊन गाडी चालू करून बघा.

स्मार्ट चावीत सेलवर न चालणारी एक चिप असते, इमोबिलायझरची (अनोळखी चावीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा). गाडीतली गुंडाळी जवळून तिला चुंबकीय क्षेत्रातून वीज पुरवते, ती आपला नंबर सांगते. म्हणून सेल मेला तरी गाडी चालू होते, चावी नेमक्या जागी धरावी लागते इतकंच. ह्युंदाईत स्टार्टचं बटण थेट चावीच्या टोकानेच दाबायचं, काही गाड्यांत चावी बटणाला टेकवून ब्रेक दाबायचा, काहींत कन्सोलमध्ये खाच असते. तुमच्या गाडीची जागा मॅन्युअलमध्ये आहे, आजच वाचून ठेवा. रात्री होटगी रोडला उभं राहून शोधायला नको.

दार उघडायला आतली लोखंडी चावी. दारावर भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकावरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली असतं. असं उघडलं तर बऱ्याच गाड्या बोंबलायला लागतात. घाबरून परत लॉक करू नका, आत बसा, चावी जागेवर धरा, स्टार्ट केलं की आवाज थांबतो.

सेलशिवाय गाडी चालू झाली तर चावीची चिप जिवंत, कोडिंग जिवंत. नव्या चावीचे पैसे वाचले.

घडीच्या चाव्यांवाल्यांसाठी पण लिहितो, कारण हा धागा तेही वाचणार. जुन्या पद्धतीच्या, खटका दाबला की पातं बाहेर येणाऱ्या चावीत ही चिप काही वेळा वेगळीच असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी वडी किंवा काचेची नळी, नुसती खोबणीत ठेवलेली. उघडल्यावर ती घरंगळली आणि झाडूत गेली तर रिमोटने दारं उघडतील, इंजिन मात्र सुरू होऊन लगेच बंद पडेल किंवा सुरूच होणार नाही. कव्हर बदलताना जुन्या कव्हरात ती राहून जाते आणि लोक कव्हर फेकून देतात. फेकायच्या आधी दोनदा बघा.

आणि बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या रिमोटमध्ये चपटा सेल नसतोच बहुधा. त्यात बारक्या पेन्सिल सेलसारखा १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए असतो. दोन्हींची लांबी साधारण २८ मिमी, पण २३ए दहा मिमी जाड आणि २७ए आठ. इथंही तीच गोष्ट, २३ए च्या जागी २७ए घातला की तो आत खुळखुळतो.

---

लाल_लाल_तपकिरी:

एक राहिलं, सेल लवकर का संपतो. हिशेब बघा: २२० मिलिअँपिअर-तास दोन वर्षं पुरवायचे तर १७,५२० तास, म्हणजे सरासरी साडेबारा मायक्रोअँपिअरच्या आत चावीने भागवायचं. स्मार्ट चावी गाडीची हाक ऐकायला सतत जागी असते, म्हणून न वापरता ठेवली तरी तिचा सेल साधारण एक-दोन वर्षांत संपतो. दाबल्यावरच काम करणाऱ्या रिमोटचा जास्त टिकतो.

चावी गाडीच्या अगदी जवळ, म्हणजे दारामागच्या खुंटीला आणि पलीकडे गाडी, अशी टांगली तर काही गाड्यांत ती रात्रभर गाडीशी बोलत राहते. इंडक्शन शेगडी, टीव्ही, मोबाईलचा चार्जर यांच्या मीटरभर आतही ठेवू नका. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राला चावी गाडीची हाक समजते आणि उगाच जागी होते. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चाव्या ठेवायची सवय असेल आणि खाली इंडक्शन असेल तर कारण सापडलं.

बटण अडकलेलं असणं हे दुसरं. रबर सुजलं किंवा कव्हरावर कव्हर घातलं की बटण दाबलेलं राहतं, आणि दहा मिलिअँपिअरने २२० चा सेल एका दिवसात जातो. चावीवरचा दिवा उगाच लुकलुकताना दिसला तर हेच.

आणि मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर चावी नको. या सेलांची मर्यादा साधारण ६० अंश, आणि आपल्या उन्हात काचेखालचं प्लास्टिक त्याच्या वर जातं.

---

आजोळ_अक्कलकोट:

तांत्रिक नाही, पण लिहिणं भाग आहे. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. 'संपलेला' सेल लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो, ओल्या जागी वीज वाहते आणि तिथं तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. २० मिमीचा असल्यामुळे बारक्या बटण सेलांपेक्षा हाच जास्त अडकतो आणि जास्त घातक.

गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट सिव्हिलला किंवा एक्स-रे आणि एंडोस्कोपी असलेल्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात. उलटी करवू नका, खायला देऊ नका. मूल एक वर्षावरचं असेल, गिळता येत असेल आणि बारा तासांच्या आतली गोष्ट असेल तर जाता जाता दर दहा मिनिटांनी दोन चमचे (१० मिली) मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबायचं मात्र नाही. सेलचं पाकीट सोबत न्या, नंबर डॉक्टरांना लागतो.

टाकताना दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चुलीत, शेकोटीत अजिबात नाही.

---

जुळे_सोलापूर:

सगळं करून बघितलं. सेल काढून रिकाम्या चावीने गाडी चालू झाली. २०२५ वर २२० ओहम लावला, ३.०२ चा २.४१ झाला. तीनपैकी दोन पात्या झोपलेल्या होत्या, उचलल्या, पुसल्या. पट्टीतला नवा २०३२, त्याच लोडवर २.९२ व्होल्ट. लॉक-अनलॉक आता पार्किंगच्या टोकावरून होतं, आपटावं लागत नाही.

एक उरलं: खिशात चावी ठेवून ड्रायव्हरच्या हँडलवरचं बटण दाबलं तर दहापैकी दोन-तीन वेळा दार उघडत नाही. चावीचं बटण मात्र दर वेळी चालतं.

---

रिले_फ्यूज:

चावीचं बटण दर वेळी चालतंय म्हणजे चावी पाठवते ते ठीक, सेलही ठीक. अडतंय ते चावीच्या ऐकण्यात किंवा गाडीच्या बोलण्यात. हँडलमधला अँटेना १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारतो आणि ती हाक दारापासून ७० सेंटिमीटर ते मीटरभरच पोचते. त्याच खिशात मोबाईल चिकटून असेल किंवा चावी धातूच्या डबीत, नाण्यांत असेल तर हाक दबते. आधी चावी आणि मोबाईल वेगवेगळ्या खिशांत ठेवा, दहा वेळा मोजून करा.

तरी अडलं तर गाडीतल्या सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमचा अडॅप्टर काढून करा. त्यांचा गोंगाट चावीच्या ४३३ मेगाहर्ट्झच्या उत्तरावर बसतो, आणि डॅशकॅम कायम वीज घेणाऱ्या वायरवर असेल तर गाडी बंद असतानाही बसतो.

शेवटी दुसरी चावी घ्या, पहिली घरात लांब ठेवा, आणि तिथंच उभे राहून तेच दहा वेळा. दुसरी दहाच्या दहा चालली तर पहिल्या चावीतली ऐकायची गुंडाळी आपटून आपटून बोर्डापासून सुटत आली असेल, मोबाईल दुरुस्तीवाला टाका मारून देईल. दुसरीही तशीच अडली तर चावी सोडा, हँडल बघायला सांगा. आणि पॅसेंजरच्या बाजूचं हँडल नीट चालत असेल तर ते त्यांना आधीच सांगा, नाहीतर परत नव्या चावीवरून सुरुवात करतील.